लेनिनग्राडचं थिएटर आणि थर्माकोलचं मखर

गणपतीचं मखर करण्यात माझा हात धरणारा आमच्या गल्लीत कोणी नव्हता, हे मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला गेल्यावरही भेटेल त्याला सांगायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आर्किटेक्चरच्या शेवटच्या सेमिस्टरला सरांनी एक जुनी इमारत परिसरासकट मॉडेल करून आणायला सांगितली, तेव्हा म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

मी निवडलं लेनिनग्राडचं झारच्या काळातलं थिएटर. पिवळ्या भिंती, पांढरे खांब, माथ्यावर घोड्यांचा रथ. समोर बाग, आणि मागच्या बाजूला येऊन मिळणारा एक सरळसोट रस्ता, दोन्हीकडे हुबेहूब सारख्या इमारती. त्या रस्त्याची रुंदी आणि इमारतींची उंची बरोब्बर एकच! हे वाचल्यापासून मला चैन पडेना. असं का केलं असेल? तिथून चालताना कसं वाटत असेल? ॲन आर्बरच्या मेन स्ट्रीटवर मी पावलं मोजत फिरलो. लोक वळून बघायचे. बघेनात का!

नापास होऊन चालणार नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न माझ्यासाठी मे महिन्यापर्यंत थांबवलं होतं. डिग्री लांबली असती, तर भारतात जायचं तिकीट कॅन्सल करावं लागलं असतं.

मी एका डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. त्यांच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणि पुठ्ठा मीच ढापला होता. एका दुपारी काकू खाली आल्या, गुडघे टेकून माझ्या रस्त्यात डोकावल्या.

"अरे, या रस्त्याने येणाऱ्याला थिएटरचं काय दिसणार?"

"पाठ."

"मग पाठ कुठाय?"

"काकू, मखराला कधी पाठ असते का?" मी खेकसलोच.

"बरं बाबा, तू शहाणा," म्हणत त्या कुकर बघायला वर गेल्या.

रिव्ह्यूला सरांनी खांबांचं कौतुक केलं. मग खाली वाकून रस्त्याच्या पार टोकाला डोळा लावला आणि मलाही बोलावलं. मी बघितलं. दोन पिवळ्या भिंती सरळ धावत जात होत्या, आणि शेवटी उघडा पुठ्ठा, चिकटपट्ट्या, आणि 'ही बाजू वर' असं सांगणारा बाण. तोही उलटा.

"एवढा रस्ता चालून माणूस इथे पोचणार?" सरांनी विचारलं. त्यांनी एक आठवडा दिला, एवढीच मेहरबानी.

घरी जाऊन काकूंना सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं?' असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "लग्नाआधी नागपूरला सात वर्षं नाटकं केली मी. पुढच्या दाराने एकदाही गेले नाही. आमचं थिएटर मागूनच सुरू व्हायचं."

दोन वर्षं या बाईच्या हातचं खात होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. रशियातला रस्ता किती रुंद, ते मात्र तोंडपाठ! मला माझीच लाज वाटली.

लायब्ररीतली पुस्तकं सगळी पुढच्या खांबांच्या प्रेमात. मागच्या बाजूचा एकच टीचभर फोटो सापडला. तिथेही खांब होते, पण भिंतीला चिकटलेले, चपटे. काकूंनी ते नखं कापायच्या कात्रीने एकेक कापून दिले. कापता कापता जुन्या नाटकांतले संवाद म्हणायच्या आणि मध्येच अडल्या की स्वतःवरच चिडायच्या.

शुक्रवारी सरांनी पुन्हा रस्त्याला डोळा लावला.

"मागच्या दारात ही कोण उभी आहे?"

मी वाकलो. दारात काडेपेटीच्या काडीची एक बाई होती, हिरव्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेली. काकूंनी कधी चिकटवली, मला पत्ताच नव्हता.

"नटी आहे, सर."

"मग आत का जात नाही?"

"विचारून सांगतो," म्हटलं. तरी पास झालो. घरी येऊन आधी पेढ्यांऐवजी आणलेले डोनट काकूंच्या हातावर ठेवले आणि सरांचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना विचारला.

काकूंनी डोनट मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, "जाईल की. कुणी बोलवायला नको का?"