हाकोनेच्या घाटात हातात आलेला बोल्ट

मंडळी, भूत, आत्मा, अंगात येणं — असलं कुणी सांगायला लागलं की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा माणूस. पाटबंधारे खात्यात क्लार्क आहे. सही-शिक्का दिसल्याशिवाय मी नळाला पाणी आलंय हेसुद्धा मानत नाही, असं माझा भाऊ म्हणायचा. तरी आज लिहितोय... कारण हे मनात बाळगणं आता जमेना.

आम्ही सोलापूरचे, शुक्रवार पेठेतले. मूळ गाव दुधनीकडचं, त्यामुळे घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी. आई लवकर गेली. घरात अप्पा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा मल्लिनाथ, म्हणजे मल्ली. त्याचं पेठेतच गॅरेज होतं. मला जुन्या जपानी मोटारसायकलींचं वेड, त्याला त्या खोलायचं. टाकीवरचा पट्टा कुठल्या मॉडेलपासून बदलला ते मी सांगायचो. गाडी का बंद पडली ते तो सांगायचा. भांडणाशिवाय आमचा एक रविवार गेला नाही.

दुधनीच्या एका अडत्याच्या गोदामात पोत्यांमागे एक निळी टू-स्ट्रोक मोटारसायकल सापडली, ती आम्ही चार वर्षं खपून उभी केली. एकदा जपानला जाऊन हिच्या जातीच्या गाड्या तिथल्या घाटात पळताना बघायच्या, असं ठरलं होतं. दोघांनी पासपोर्टही एकाच दिवशी काढले.

आता बोल्टाचं सांगतो. मागच्या चाकाच्या ब्रेकला एक लोखंडी पट्टी असते. ब्रेक दाबल्यावर ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती पट्टी तिला धरून ठेवते, आणि ती पट्टी एका बोल्टवर असते. ओरिजिनल बोल्ट कुठेच मिळेना. मल्लीने सोलापूरच्या कुठल्याही मेकॅनिकने केलं असतं तेच केलं — भंगारातल्या जुन्या यंत्रमागाचा दांडा आणून लेथवर बोल्ट करून घेतला. वर नट आणि पट्टीला मिळून लाल सूत गुंडाळलं आणि शेजारच्या विणकराकडून शिकलेली बारीक गाठ मारली. नट जरा जरी हलला तरी सूत तुटतं, आणि गाडीवर बसण्याआधी ते एका नजरेत दिसतं.

मला ते बघवत नव्हतं. जपानी गाडीला मागाचा दांडा आणि वर चादरीचं सूत?

"अण्णा, दिसाय कसं का असंना," मल्ली म्हणाला, "सुटणार न्हाय बघ की."

पुढे इंटरनेटवर मला एक जुना ओरिजिनल बोल्ट मिळाला. एका शनिवारी मल्ली बाहेर गेला असताना मी सूत कापलं, त्याचा बोल्ट काढला आणि माझा घातला. पाना घसरला, नटाचा एक कोपरा गेला. नट सुटू नये म्हणून शेवटी आडवी पिन घालायची असते, तिचं भोक काही जुळेना. उद्या बघू म्हणून मी हात धुतले.

रविवारी सकाळी मल्लीला मंगळवेढ्याला एका गिऱ्हाइकाची गाडी बघायला जायचं होतं. मी बाथरूममध्ये होतो. त्याने बाहेरून विचारलं, "अण्णा, मागचं चाक तू खोललंतंस काय? सूत दिसंना."

मी म्हणालो, "व्हय, बघितलंय मी. जा तू."

तो गेला. मी बघितलंय म्हटल्यावर त्याने पुन्हा बघितलं नाही, एवढा त्याचा माझ्यावर विश्वास होता. मंगळवेढ्याच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं आली. त्याने ब्रेक दाबला, पट्टी सुटली आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. मेंढरांच्या धनगराने नंतर सांगितलं, पडल्यावर हललाच नाही.

पट्टीवरचा बोल्ट सापडला नाही. पोलिसांनी विचारलं, गाडीत काही बदल केला होता का? मी म्हणालो, तिथला बोल्ट भावाने स्वतः बनवलेला होता. यातला एक शब्दही खोटा नाही. अप्पा शेजारीच उभे होते.

मग पेठेत तेच झालं. मल्लीच्या जुगाडाने मल्लीलाच खाल्लं, असं जो तो म्हणायला लागला. त्याने दुरुस्त केलेल्या गाड्या लोकांनी दुसरीकडे नेऊन तपासून घेतल्या. अप्पांनी त्याची हत्यारं वाटून टाकली. "माझ्या पोराच्या हाताला यश न्हवतं," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि मी बाजूला बसून ऐकायचो. मल्लीचा बोल्ट माझ्या कपाटात होता. माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो सोलापूरच्या तळ्यात टाकला. हे तेव्हा कुणालाही माहीत नव्हतं.

दोन वर्षं गेली. गेल्या दिवाळीआधी अप्पा स्वतःहून म्हणाले, "जाऊन ये की जपानला. त्याला बगायचं हुतं, तू तरी बगून ये." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आठ दिवस मी तिथल्या मोटारसायकलवाल्यांत फिरलो. सोबत मिसाकी नावाची गाइड होती, ती स्वतःही गाडी चालवायची, इंग्रजी चांगलं. तिने मला अशी दुकानं दाखवली जिथे चाळीस वर्षांपूर्वीचा वायसर पुडीत बांधून, नंबर लिहून ठेवलेला असतो. एका देवळात पुजारी ओळीने लावलेल्या गाड्यांवर मंत्र म्हणत होता, आपल्या दसऱ्यासारखं. मल्ली असता तर वेडा झाला असता. मला प्रत्येक दुकानातून बाहेर पडून कुठेतरी भिंतीला टेकून उभं राहावंसं वाटायचं.

शेवटच्या रविवारी सकाळी साडेआठला आम्ही हाकोनेच्या घाटात वर गेलो. तिथे एक पार्किंग आहे, रविवारी सकाळी गाडीवाले जमतात. ऊन स्वच्छ पडलेलं, पण वारा बोचरा. पन्नासेक गाड्या एका रेषेत लावलेल्या. साठी-सत्तरीचे म्हातारे लेदर जॅकेटात, हातात मशीनमधली कॉफी. कुणी उगाच रेस करत नाही. बघणारा हात मागे बांधून, वाकून बघतो. मिसाकीने दोनदा बजावलं होतं — विचारल्याशिवाय कुणाच्या गाडीला हात लावायचा नाही.

ओळीच्या टोकाला आमचीच गाडी उभी होती. म्हणजे तेच मॉडेल, तोच निळा. आणि मी सोलापूरचा माणूस... गाडी दिसली की आधी उकिडवा बसणार, मग हात घालणार. मिसाकीचं बोलणं डोक्यातून गेलंच. मी मागच्या चाकाशी बसलो, ब्रेकची पट्टी धरली.

पट्टीवर मल्लीचा बोल्ट होता. मागाच्या दांड्याचा, लेथच्या खुणांसकट. वर लाल सूत, आणि ती गाठ.

मागून कुणीतरी बोललं. गाडीचा मालक होता, सत्तरीचा, बारीक अंगाचा. चिडलेला नव्हता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली आणि जॅकेटचा खिसा चाचपायला लागला. मिसाकी धावत आली, माझ्या वतीने तीन-चारदा कमरेत वाकली. मग म्हातारा जे बोलला ते तिने मला थांबत थांबत सांगितलं.

गाडी त्याने कोरी घेतलेली, कधी विकली नाही, कधी देशाबाहेर गेली नाही. आज पहाटे उजाडल्यावर घाटाच्या पायथ्याशी तो थांबला होता. तिथे एक परदेशी तरुण आला. भाषा येत नव्हती. चाकाशी बसला, मान हलवली, आणि याने नको म्हणायच्या आत पाना घेऊन कामाला लागला. एक बोल्ट काढला, दुसरा घातला, सूत बांधलं. हात फार सफाईचा होता म्हणून आपण अडवलं नाही, असं म्हातारा म्हणाला.

"काढलेला बोल्ट त्याने यांना दिला," मिसाकी म्हणाली. "आणि खुणेने सांगितलं... वर जो कुणी न विचारता गाडीला हात लावेल, त्याला द्या."

म्हाताऱ्याने माझ्या तळहातावर बोल्ट ठेवला. नट त्यावरच होता, त्या शनिवारी माझा पाना घसरून गेलेल्या कोपऱ्यासकट. पिनचं भोक रिकामं.

मी खिशातला मल्लीचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याने तो बराच वेळ धरला आणि दोन्ही हातांनी परत दिला. हाच, असं तो म्हणाला. मी मिसाकीमार्फत विचारत सुटलो — किती उंच होता, कुठला पाना घेतला, बोल्ट खिशातून काढला की पिशवीतून, नट किती आवळला. म्हातारा शांतपणे उत्तरं देत होता. मला रडू आलं नाही. नुसतं बसून राहावंसं वाटलं.

मी सगळे तर्क लढवून पाहिले. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर कुणाला तरी बोल्ट सापडला असेल, म्हणू. पण तळ्यातला कसा आला? आणि मी त्या रविवारी त्या पार्किंगमध्ये जाणार हे तर शनिवारी ठरलं होतं. म्हाताऱ्याचा पत्ता मिसाकीकडे आहे, मी नंतर एकदा लिहिलंही. त्याचं उत्तर तेच आलं, शब्दाला शब्द. मल्लीने क्षमा केली की माझं पाप माझ्या हातात ठेवलं, हेही मला कळत नाही. रात्रंदिवस तेवढाच विचार असतो.

सोलापूरला परतलो त्या संध्याकाळी मी अप्पांसमोर बोल्ट ठेवला आणि सगळं सांगितलं. सूत कापल्यापासून, बाथरूममधल्या 'जा तू'पासून, पोलिसांपर्यंत. मल्लीचा हात चांगलाच होता अप्पा, खोटा मी होतो, असं म्हणालो. ते मारतील, घराबाहेर काढतील, असं वाटत होतं. खरं तर तेच हवं होतं.

अप्पांनी बोल्टाला हात लावला नाही. दाराकडे बघत म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं बगितला न्हवं त्याला? समोरनं?"

"व्हय अप्पा."

"लई थंडी असती म्हणतोस तितं. अंगात स्वेटर हुता का त्याच्या?"

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघत. एवढं सगळं विचारून आलो होतो मी, पण ते विचारलं नव्हतं.