हुसेनचाचांचे कान

"आवाज आला म्हनू नगा वैनी. टणटण वाजलं का बद्द वाजलं, ते सांगा." शेळगावातल्या आमच्या कलिंगडाच्या प्लॉटवर पाय ठेवताच हुसेनचाचा माझ्यावर असे डाफरायचे. व्यापारी ते, माल माझा. पण दमदाटी पहिल्या दिवसापासून त्यांचीच. उकिडवे बसायचे, कलिंगडावर टिचकी मारायचे आणि डोळे मिटायचे. टणटण म्हणजे कच्चं, बद्द म्हणजे पिकलं, भदभद म्हणजे आत पोकळ.

एकदा बाजार तेजीत होता म्हणून मी तोडणीची घाई केली. त्यांनी आणलेला ट्रक रिकामा परत पाठवला. "कच्चं तोडून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं? ते माझ्याच्यानं व्हनार न्हाय. चार दिस दम खावा." मी चिडले होते. पण त्यांनी टिचकी मारून निवडलेलं कलिंगड कधी पांढरं निघालं नाही, हेही खरं.

आमची मोटार असो की सासूबाईंचा खोकला, त्यांच्याकडे शब्द तयार असायचा. "मोटार घुरघुरतीया, बेअरिंग बघा." "खोकला कोरडा न्हाय, घर्रघर्र वाजतोय. दवाखान्यात न्या त्येंना."

गावच्या जत्रेत पालखीपुढं नारळाचं ताट धरायचा मान त्यांच्या घराण्याचा. पालखी देवळात पोचेपर्यंत ताट खाली ठेवायचं नाही आणि पालखीपुढून हलायचं नाही, असा रिवाज. पूर्वी पुढं हलगी आणि सनई असायची. मग मंडळाच्या पोरांनी डीजे आणला. भिंतीएवढे स्पीकर लादलेली गाडी, आणि तिच्यामागे हातभरावर चाचा. दर जत्रेनंतर त्यांच्या कानांत कुईं व्हायचं आणि ते ओसरायचंही.

गेल्या जत्रेला कहर झाला. दुकानांचे पत्रे थरथरत होते. बाया-माणसं कानांवर हात दाबून उभी होती. चाचांचे दोन्ही हात मात्र ताटाला. मी मंडळाच्या अध्यक्षाला गाठून ओरडले, "आरं, बारीक करा त्ये! म्हाताऱ्याचं कान जात्याल!"

तो हसला. "वैनी, मानकरी हायत त्ये. मान दणक्यातच व्हायला पायजे." आणि त्याने आवाज वाढवायची खूण केली. शेजारी उभे असलेले सरपंचही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. देवाने मागितला होता का हा दणदणाट?

या वेळी ते कुईं ओसरलंच नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस गेली, आता परत येणे नाही.

यंदा माल तयार झाल्यावर चाचा प्लॉटवर आले. टिचकी मारली, कान टेकवला, पुन्हा मारली. दुसरं कलिंगड, तिसरं. मग हात झटकून उठले. "वैनी, समदी सारखीच वाजत्यात," म्हणाले आणि बांधावरून निघून गेले. धंदा त्यांनी त्याच दिवशी सोडला. मला रडू आलं नाही. संताप आला.

परवा मी त्यांच्याकडे बसले असताना मंडळाची पोरं आली. येत्या जत्रेत चाचांचा मानकरी म्हणून सत्कार करायचा होता त्यांना. "कान घेतलंत, आता शाल देता व्हय रं?" तोंडाला येईल ते मी बोलले. चाचा मधे बसून एकेकाच्या ओठांकडे बघत होते.

"काय म्हनत्यात?" त्यांनी विचारलं. त्यांच्या कानाला तोंड लावून मी ओरडले, दोनदा ओरडले, तेव्हा कुठे त्यांना समजलं.

"डीजे लावनार हायत का, इचारा," चाचा म्हणाले. "लावनार असतील तर येतो. आता तेवढंच ऐकू येतंय."