लख्खमावशीचा चिखल

चर्च झाडणाऱ्या बाईला सगळे लख्खमावशी म्हणत. उठता-बसता तिचं एकच पालुपद, "लख्ख पाहिजे!" बाकं लख्ख, वेदी लख्ख, दाराच्या पितळी कड्या तर अशा की उशिरा येणाऱ्याला त्यांत स्वतःचं ओशाळलेलं तोंड दिसावं. नवरा सुतार होता. जाताना एक शिडी आणि एक लेक मागे ठेवून गेला. शिडीवर चढून मावशी खिडक्या पुसायची आणि वरूनच लेकीला ओरडायची.

तिचं हाडवैर एकाच जातीशी, पाकोळ्यांशी. उन्हाळा लागला की त्या मुख्य दारावरच्या वळचणीला घरट्यासाठी चिखलाची वाटी चिकटवायला घेत. खाली पायरीवर पांढरे ठिपके पडायला लागत. मावशी वाटी अर्धी असतानाच बांबूनं पाडायची. पाकोळ्या पुन्हा बांधायच्या, ही पुन्हा पाडायची. चिकाटीत कुणीच कुणाला हार जाणारं नव्हतं.

यंदा लेकीचं लग्न ठरलं होतं. लग्न लागलं की फोटो त्याच पायरीवर निघायचा. मावशीच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो भिंतीवर होता. मागून आणलेला झगा, पोटावर चहाचा डाग, डागावर धरलेला गुच्छ. लेकीचा झगा तिनं घरी शिवला होता आणि त्यावर टाचणीएवढाही ठिपका तिला चालणार नव्हता.

नेमके यंदाच नवे पाळकसाहेब आडवे आले.

"मावशी, बांबू ठेवा खाली."

"पाळकसाहेब, हे देवाचं घर की पाखरांचं?"

"पाखरांनाही हाच प्रश्न पडत असेल. तुमचं घर की देवाचं?"

"बोलायला तुम्हाला काय! पायरी तुम्ही घासता?"

"पहिल्या माणसाला देवानं पहिलं काम कुठलं दिलं, सांगा. बाग राखायचं. मालकी नाही दिली."

"राखायची म्हणजे झाडायचीच ना?" मावशी म्हणाली. पण बांबू ठेवला. पाळकांचा शब्द मोडायची तिची रीत नव्हती.

फरशी पुसली की बादलीतलं गढूळ पाणी ती मागच्या मोकळ्या मातीत फेकायची. हे काम वर्षानुवर्षं मागे वळून न बघता केलेलं. त्या दिवशी बांबू हातात नव्हता म्हणून असेल, ती जरा रेंगाळली. पाहते तर दोन पाकोळ्या झपकन उतरल्या, तिच्याच पाण्यानं भिजलेला चिखल चोचीत घेतला आणि थेट दारावर गेल्या. बाकी सगळं अंगण ठणठणीत कोरडं.

घरी आल्या आल्या तिनं लेकीला सांगितलं. लेक हसून लोळायची बाकी राहिली.

"म्हणजे चिखल पुरवणारी तूच, आणि घर पाडायला येणारी नगरपालिकाही तूच!"

"दात काढू नकोस. बांबूला बंदी आहे, बादलीला नाही."

दुसऱ्या दिवसापासून पाणी गटारात जाऊ लागलं. माती तडकली. वाटी अर्धीच राहिली. पाकोळ्या दारापासून मागच्या मातीपर्यंत नुसत्या येरझारा घालत होत्या. मावशीचं गणित चोख होतं.

पुसताना ती रोज एकच प्रार्थना पुटपुटायची, "देवा, तुझं घर मी लख्ख ठेवते, माझ्या लेकीचा झगा तू लख्ख ठेव." एका सकाळी हीच प्रार्थना ओठांवर घेऊन ती गटारापाशी आली. पलीकडे पाकोळी सुक्या ढेकळावर चोच मारत होती. ढेकूळ काही फुटेना. मावशी थांबली. सौदा तोंडातच अडकला.

"घर तुझं म्हणते," ती पुटपुटली, "मग हे पाणी तरी माझं कुठलं?"

ती वळली आणि सगळी बादली मातीत भिरकावली. पश्चात्ताप वगैरे काही नाही, बादली जड झाली होती, असं ती पुढे सांगायची.

लग्नाच्या दिवशी वाटीतून पिल्लांचा कलकलाट चालला होता. फोटोवाल्यानं नवरीला बरोबर वाटीखालीच उभं केलं.

"सरक बाजूला," मावशी म्हणाली. "इथं मी उभी राहते."

"आई, मध्ये मी असते!"

"मध्ये उभं राहायचंय की झगा लख्ख ठेवायचाय, ते ठरव आधी."

लेक सरकली. मावशी नव्याकोऱ्या कपड्यांत वाटीखाली ताठ उभी राहिली. फोटोवाला डोळा मिटून वाकतोय तोच वरून प्रसाद आला, थेट खांद्यावर. पाळकसाहेबांनी घाईघाईनं खिशातून रुमाल काढला. लेकीनं हातातला गुच्छ पुढे केला.

"हा धर आई, झाकेल."

"नको," मावशी म्हणाली. "झगा लख्ख आहे ना? काढ रे फोटो."

भिंतीवर आता दोन फोटो आहेत. दुसऱ्यात तिचे हात मोकळे आहेत.