लेफ्ट औटची जागा

काल सात रस्ता चौकातून जाताना मोच्याच्या पालाखाली एक फुटबॉल दिसला. नवी वादी ओवलेला, करडईचं तेल पाजून उन्हाला ठेवलेला. तेलाचा आणि कातड्याचा तो मिसळलेला वास नाकात गेला आणि मी भर रस्त्यात उभा राहिलो. दुसरीकडे म्हणे चेंडूला चरबी चोळतात. आमच्या संघातली निम्मी पोरं चरबीला शिवायची नाहीत, म्हणून आमच्या हायस्कूलचा चेंडू करडईवरच पोसला. तो वास आला की अजूनही माझी नजर आपोआप डावीकडे वळते.

त्या हंगामात मी संघाचा कप्तान होतो. वय सतरा, खिशात सदैव घडी घातलेली स्वराज्याची पत्रकं. आमचा लेफ्ट औट, म्हणजे डाव्या कडेने पळणारा गडी, आदल्या उन्हाळ्यात इंग्रज सरकारने जमावावर केलेल्या गोळीबारात गेला होता. शुक्रवार पेठेतल्या तेलुगू विणकराचा एकुलता एक मुलगा. पळताना जीभ दातांत धरायची त्याची सवय होती. पावसाळा सरला आणि नवे ड्रिल मास्तर आले: अक्कलकोटकडचे, महायुद्धात बसऱ्याची लढाई पाहिलेले पेन्शनर हवालदार. सरकारचं मीठ खाल्लेला माणूस, म्हणून मी पहिल्याच दिवशी मनात अढी धरली. सगळ्यांदेखत सांगून टाकलं की हुतात्म्याची जागा भरली जाणार नाही, आम्ही दहाच जण खेळू.

मला वाटलं होतं, मास्तर भडकतील. ते तपकीर ओढत शांतपणे म्हणाले, “नगा भरू. पन चेंडू तिकडं द्यायचा.”

“कुणाला, मास्तर?”

“जागेला. मोकळी ठिवलीस न्हवं? मग ती खेळंल की.”

तो टोमणा होता. मी तो हट्टाने खरा केला. रोज सकाळी आम्ही डावीकडच्या मोकळ्या जागेला चेंडू देत राहिलो. काळ्या मातीचं मैदान उंचसखल. चेंडू तिकडे जायचा, कुठेतरी थबकायचा आणि कधी कधी बरोबर आमच्या पायाशी परत यायचा. आम्ही हसायचो. मग हसणं बंद झालं. सामने सुरू झाले तेव्हा समोरचा राइट बॅक आधी गोंधळायचा आणि अर्ध्या खेळानंतर चक्क त्या जागेला अडवून उभा राहायचा. आम्ही एकामागून एक सामने जिंकत गेलो. दिवाळीपर्यंत मैदानभर गवत माजलं. पण डाव्या कडेला उजव्या कडेसारखीच मातीची पट्टी पडली होती. तिथून कोणी धावत नव्हतं. गेलेल्या लेफ्ट औटचा बाप तिथून येरझाऱ्या घालायचा म्हणून पडली असेल. असेलच.

बाप प्रत्येक सामन्याला यायचा. डाव्या कडेला, हातमागावर बसून वाकलेली पाठ घेऊन, चेंडूबरोबर इकडून तिकडे चालायचा. मध्यंतराला गुळाचे दोन खडे आणायचा. एक मला द्यायचा, दुसरा कोपऱ्यातल्या निशाणापाशी ठेवायचा. मला ते पाहून भरून यायचं. एका पत्रकात मी ते लिहिलंसुद्धा. वाचून लोक रडले, आणि मला बरं वाटलं.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने माझ्यापुढे घडीचा कोरा सदरा धरला. कापड त्यानेच विणलेलं. म्हणाला, “त्याला दे, नायना. जुना पाठीवर फाटलाय. परवा पळताना दिसला मला.”

नायना म्हणजे बाप, पण तेलुगू माणसं पोरालाही लाडाने नायना म्हणतात. मी तो सदरा घेतला नाही. हातच पुढे झाला नाही. तडक मास्तरांकडे गेलो.

“पलटणीत मानूस पडला की मागचा पुढं सरकतो,” ते म्हणाले. “पडल्याला इसरायला न्हवं. उगडी जागा हाका मारती. मग समदे तिकडंच बगत बसत्यात.”

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“ऐकला असतास व्हय? तू छापील मानूस.”

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागी राखीव गडी घातला आणि स्वतः डाव्या कडेला जाऊन उभा राहिलो. ऊन होतं, वारा नव्हता. त्या पट्टीवरची माती तळव्यांना गार लागली. बाप काखेत सदरा घेऊन कडेला आला.

“नायना,” तो हळूच म्हणाला, “तू हितं हुबा राहिलास. मग तो कुटं हुबा राहील?”

त्याने माझ्या पलीकडे पाहिलं, मागे पाहिलं, मग खाली मातीकडे पाहिलं. सदऱ्याची घडी पुन्हा नीट केली आणि निघून गेला. सामना आम्ही हरलो. त्या संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या त्या घरातला माग थांबला. मुलगा गेला तेव्हाही तो थांबला नव्हता. शेजारी सांगत होते, बाप त्या दिवशी पहिल्यांदा रडला आणि उजाडेपर्यंत रडत राहिला. नंतर तो मैदानावर कधी आला नाही.

गुळाचा खडा मात्र पुढचे काही दिवस कोपऱ्यात दिसे. मुंग्या त्याला लागत नसत. कोण ठेवतं ते मी विचारलं नाही. मास्तरांनीही विचारलं नाही.

मी अजून पत्रकं लिहितो. गोळीबाराचा राग कमी झालेला नाही आणि व्हायचाही नाही. पण कुणी गेल्यावर ‘त्यांची जागा कधीच भरून निघणार नाही’ हे वाक्य आपसूक कागदावर उतरतं, तेव्हा करडईच्या तेलाचा वास येतो. मी थांबतो. त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे ते आठवून पाहतो. आणि ते वाक्य खोडतो.