डाव्या कोपऱ्याची जागा

माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या, पुण्यानुमोदनाला आलेली माणसं पंगत बसायच्या आधीच कबड्डीत त्याच्या जागी कोण खेळणार यावर भांडू लागली. भंतेजींचं सूत्रपठण नुकतंच संपलं होतं. फोटोपुढच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या. बायका घरात गेल्या. मी भंतेजींसाठी पाणी आणायला उठलो, तर मांडवाच्या रस्त्याकडच्या टोकाला खुर्च्या गोल करून काही जण बसले होते. मधोमध आमच्या गावचा निवृत्त कंडक्टर बोलत होता.

"माजरीचा पोट्टा पाह्यला काय? काय घोटा धरते थो! एकदा धरला का रेडर हालतच नाई."

"धरते, पण गुडघा टेकवते," पानठेलेवाला म्हणाला. "गुडघा टेकवला का आंग जड होते. रेडर वरून उडी मारून पसार."

"तुले मोठं समजते. कुठी खेळला तू? ठेल्यावर?"

"ठेल्यावर बसून तुयापेक्षा जास्त पाह्यलं मी. आन् थो मॅटवरचा खेळाडू हाय. आपल्या मुरमावर एकदा कोपर घासलं का रडंल."

"मॅटवरचा असो का गादीवरचा," कंडक्टर म्हणाला, "विकल्या तं जाणार नाई ना."

कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. मी हातात तांब्या घेऊन उभा होतो. कंडक्टरनं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा ना सर. तुमाले नाई म्हटलं."

मी बसलो नाही. पण त्या मांडवात, दादाच्या फोटोपासून हाकेच्या अंतरावर, तो शब्द बोलला गेला होता. तो परत घेतला जावा, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसापासून हवी होती. दादा परत येणार नव्हता. निदान तो शब्द तरी जायला हवा होता.

आमचं गाव पोंभुर्णा आणि सावली यांच्या मध्ये, धानाच्या पट्ट्यात. मी तालुक्याच्या शाळेत शिकवतो आणि उरलेला वेळ वाचतो. दादा शेती करायचा आणि कबड्डी खेळायचा. धान घरात आलं की आमच्या गावात कबड्डीचे सामने होतात, लांबलांबचे संघ येतात. दादा डावा कोपरा होता. चाळिशी जवळ आली तरी होता. त्याच्यावर ठेल्यावर रोज चर्चा चालायची आणि ती प्रेमाची कधीच नसायची. दादाचं वजन वाढलं, दादा आता उशिरा झेप घेतो, दादा रेडरच्या पायाऐवजी छातीकडे पाहतो. ज्यांनी उभ्या आयुष्यात मैदानात पाय ठेवला नाही ते तंबाखूचा खर्रा चोळता चोळता त्याला घोटा कसा धरायचा ते शिकवायचे. दादा ऐकून घ्यायचा. "बोलतेत म्हंजे पाहून राह्यलेत," असं तो मला म्हणाला होता एकदा.

गेल्या हिवाळ्यातल्या फायनलमध्ये शेवटची चढाई बाकी होती आणि दोन्ही संघ बरोबरीत होते. समोरच्या संघाचा रेडर आला, बोनसची हूल दिली आणि वळला. दादानं झेप घेतली. मी पाहिलं, कारण मी तिथंच होतो. पुरुष रस्त्याच्या बाजूला, पानठेल्यापाशी उभे राहतात आणि बायका समोर समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसतात. आमच्या बाजूनं दादाची पाठ दिसत होती. रेडर त्याला फरफटत मधल्या रेषेकडे घेऊन गेला आणि रेषेच्या अलीकडे दादाचे हात सुटले. आम्हाला एवढंच दिसलं. घोटा हातात आला होता आणि त्यानं तो सोडला.

संध्याकाळपर्यंत तो सोडण्याचं कारण ठरून गेलं होतं: दादा विकला गेला.

त्यानंतर दादा ठेल्यासमोरून सायकलनं जायचा तेव्हा मागून आवाज यायचा. "काऊन कोपरेवाले, घोटा केवढ्यात देल्ला?" दादा वळून पाहायचा नाही. त्याच्या कोपरावरची खपली पडून गेली, आवाज येतच राहिला. पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत त्याला ताप आला. आधी तालुक्याला, मग चंद्रपूरला नेलं. तिथंच तो गेला. आणि ज्यांनी त्याला विचारलं होतं केवढ्यात देल्ला, तेच आता मांडवात पंगतीची वाट पाहत बसले होते.

पाहुणे गेल्यावर वहिनी ताटं घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आयकलं मी," ती म्हणाली. "आतमंदी आवाज येते."

मी एक ताट विसळायला घेतलं.

"भाऊजी, तुमी त्या दिवशी कुठी उभे होते?"

"ठेल्यापाशी."

"म्हनून तुमाले नाई दिसलं." तिनं हातातलं ताट बाजूला ठेवलं. "हे आन् कॅप्टन हातात हात धरून उभे राहतेत ना, साखळी. दोघायचं आधीपासून ठरलेलं होतं. ह्यायनं हात दाबला का दोघायनं मिळून जायचं. हे घोट्यावर आन् कॅप्टन कमरेवर. ह्यायनं हात दाबला आन् झेप घेतली. कॅप्टन दोन पावलं मांगं सरकला. हात वर करून उभा राह्यला. एकट्यानं कुठवर धरून ठेवतीन? कोपराचं कातडं निंगालं तोवर धरलं ना."

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगाचं काय त्यात? आमच्या समोर झालं. पायऱ्यांवरच्या सबन बायकांनी पाह्यलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"कोनाले बोलाव? इचारलं कोनी?" तिनं पुन्हा ताट घेतलं. "आन् हे मले म्हनले, बोलू नोको. थो कॅप्टन हाय. पोट्टे त्याच्या मांगं खेळतेत. हारलो तं हारलो."

इतके दिवस गावातले सगळे पुरुष, मीसुद्धा, एका पाठीकडे पाहून वाद घालत होतो.

धान कापलं गेलं, मळणीचं चुरणं झालं. एका दुपारी कॅप्टन आमच्याकडे आला. आता तो कबड्डी मंडळाचा अध्यक्षही झाला होता. बरोबर कुणी नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसला आणि वहिनीला म्हणाला, "वहिनी, यंदाचे सामने दादाच्या नावानं ठेवून राह्यलो. मोठं बॅनर लावू. एक चांगला फोटो द्या. आन् उद्घाटन तुमच्या हातानं."

"माइक राहीन काय?" वहिनीनं विचारलं.

"राहीन ना."

"मंग तुमी त्या माइकवर सांगान काय, मांगच्या वर्सी मांगं कोण सरकलं होतं थे?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मला त्याची जराही दया आली नाही.

"वहिनी, आता गेलेल्या माणसाच्या मांगं कायले..."

"गेलेल्या माणसालेच विकला म्हंतेत, भाऊ. जित्या माणसाले कोनी काई म्हनत नाई."

त्याला फोटो मिळाला नाही. चहाही घेतला नाही त्यानं.

तरी बॅनर लागलं. मैदानाच्या तोंडाशी, बांबूच्या दोन खांबांना बांधलेलं. वर मोठ्या अक्षरांत 'स्वर्गीय' लिहिलं होतं. आम्हा बौद्धांत 'कालकथित' म्हणतात हे अख्ख्या गावाला माहीत आहे. फोटो मंडळाच्या जुन्या ग्रुप फोटोतून कापून घेतला होता. त्या फोटोत संघ साखळी करून उभा होता, म्हणून दादाचा उजवा हात बाजूला लांबलेला होता आणि जिथं फोटो कापला होता तिथं त्याच्या मुठीत दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं राहून गेली होती. बाकी माणूस कापलेला होता.

वहिनी बॅनरखाली बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चला. उद्घाटन करून येऊ."

मला वाटलं होतं ती जाणार नाही.

सकाळची वेळ होती. चुन्याच्या रेषा ताज्या आखलेल्या होत्या. माजरीचा तो कोपरा आला होता, काटक, कमी बोलणारा पोरगा. ठेल्यापाशी गर्दी त्याच्या पायांकडे पाहत होती.

"पोटऱ्या पाह्य त्याच्या. याले म्हंतेत कार्नर!"

"पोटऱ्यांनी घोटा धरते काय बे? बोटं पाह्य, बोटं."

"येवढ्या लांबून आनला, आन् तुमाले बोटंच दिसून राह्यली."

माइकवरच्या माणसानं वहिनीला बोलावलं. कॅप्टन हातात नारळ घेऊन उभा होता. वहिनीनं नारळ घेतला नाही. तिनं माइक घेतला. तो तिनं तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे आवाज फुटत होता, पण शब्द कळत होते.

ती पुरुषांच्या बाजूला पाठ करून उभी राहिली आणि पायऱ्यांवरच्या बायकांना म्हणाली, "मांगच्या वर्सी फायनलले तुमी इथीच बसल्या होत्या. शेवटच्या टायमाले घोटा कोनी धरला होता?"

पुढच्या पायरीवरची एक म्हातारी ओरडली, "तुया नवऱ्यानं, बाई!"

"सोडला काय?"

"नाई वं! फरफटत गेला ना थो!"

"आन् मांगं कोण सरकलं?"

म्हातारी हसली. "नारळ धरून उभा हाय ना, थोच!"

पायऱ्यांवर हशा पिकला. सगळ्या एकदम बोलू लागल्या, एकमेकींना दाखवू लागल्या, तो कुठं उभा होता, हात कसे वर केले होते. त्यांतल्या एकीनं उभं राहून दोन्ही हात वर करून मागं सरकून दाखवलं. त्या आपसांत हे सगळं वर्षभर बोलत होत्या, हे मला तेव्हा समजलं. विहिरीवर, रोवण्यात, भारे बांधताना. फक्त रस्त्याच्या या बाजूला ते कधी आलं नव्हतं.

आमच्या बाजूनं कंडक्टर ओरडला, "मॅच सुरू करा बे! बायकायच्या हाती माइक कोनं देल्ला?"

वहिनीनं माइक परत केला आणि पायऱ्यांवर जाऊन बसली. कॅप्टननं नारळ स्वतःच फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही.

आमचा संघ सेमीफायनलमध्ये हरला. माजरीच्या कोपऱ्यानं गुडघा टेकवला आणि रेडर त्याच्यावरून उडी मारून गेला. पानठेलेवाला आठवडाभर खुशीत होता. कॅप्टननं साखळीत माजरीच्या पोराचा हात धरला होता आणि तो सामना संपेपर्यंत सोडला नाही, हे मी पाहिलं. बहुधा सगळ्यांनीच पाहिलं. आता सगळे त्याच्या हातांकडेच पाहत होते.

मला वाटलं, आता तो शब्द संपेल. संपला नाही. दादावरून उठला आणि कॅप्टनवर जाऊन बसला.

"म्हंजे कॅप्टनच विकल्या गेल्ता तं!"

"मी तं तवाच म्हटलं होतं."

"तू काय म्हटलं होतं? तू तं कोपरेवाल्याले म्हनत होता."

"दोघायलेबी म्हटलं होतं मी."

दादाचं नाव आता आदरानं घेतलं जातं. असा कोपरा पुन्हा होणार नाही, असं कंडक्टर म्हणतो, आणि मला पाहून जरा मोठ्यानं म्हणतो. ज्या तोंडांनी दादाला सायकलवरून जाताना केवढ्यात विचारलं, त्या तोंडांतून त्याची स्तुती ऐकणं मला अधिक कठीण जातं.

कॅप्टन पुन्हा घरी आला. या वेळी तो वहिनीला नाही, मला भेटायला आला होता. बराच वाळलेला दिसत होता. मुलाला शाळेत पोरं चिडवतात म्हणाला. संघातून नाव काढून घेतलं म्हणाला.

"सर, मी विकलो नाई. मी भेलो. त्या रेडरनं आधीच्या सामन्यात एका पोट्ट्याचा खांदा उतरवला होता. थो वळला आन् माह्ये पाय मांगं गेले. पाय गेले, सर. मी नाई गेलो."

त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"तुमच्या शब्दाले मान हाय. ठेल्यावर येक डाव सांगा. येवढंच सांगा का थो भेला होता."

"तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"माह्यं कोण आयकते आता?"

"दादाचं कोणी ऐकलं होतं?"

तो उठून गेला. वहिनी दारात उभी होती. तो रस्त्याला लागेपर्यंत तिनं वाट पाहिली.

"भाऊजी, सांगून टाका. भेला तं भेला. भेलेला माणूस वेगळा आन् विकलेला वेगळा. तुमच्या दादालेबी थेच माहीत होतं, म्हनून बोलले नाई."

मला हे कळतं. मी शिकलेला माणूस आहे, भीती आणि विक्री यांतला फरक मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. खरं काय आहे तेही मला माहीत आहे, आणि ते सांगायला लागणारी सगळी वाक्यं माझ्याकडे आहेत.

शाळेची गाडी ठेल्यासमोरच थांबते. रोज सकाळी मी तिथं उभा राहतो. कंडक्टर बाकावर सरकून जागा करतो, "बसा ना सर," म्हणतो. सध्या कॅप्टनच्या जागी कुणाला घ्यावं यावर वाद चालू आहे. सावलीचा एक जण आहे, हात मजबूत आहेत पण पायात जोर नाही, असं पानठेलेवाल्याचं मत आहे. बोलता बोलता कुणीतरी तो शब्द बोलतो, कॅप्टनचं नाव घेऊन, आणि जरा थांबून माझ्याकडे पाहतो. मी रस्त्याकडे पाहतो. गाडी येते.

संध्याकाळी वहिनी ताट वाढते आणि विचारते, "आज सांगतलं काय?"

मी नाही म्हणतो. ती आणखी काही विचारत नाही. भात वाढते.