शरयूमावशींच्या चुकीच्या ओळी

शरयूमावशी कार्ड वाचून झालं की ते मधोमध फाडत. घाईने नव्हे. दोन्ही हातांनी कडा जुळवून, सावकाश. मग तुकडे माझ्या कटिंग मशीनखालच्या रद्दीच्या खोक्यात टाकत आणि म्हणत, "याचं काम झालं. पुढचं घे." वर्षभर, दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी, एडिसनमधल्या माझ्या छपाईच्या दुकानात हे चालायचं. त्या भिंगातून वाचायच्या, मी टाइप करायचो. एकदा म्हटलं, "राहू द्या की मावशी कार्डं, लागली तर?" तर म्हणाल्या, "हे गेल्यावर यांचे बूट, यांची औषधं, सगळं मीच निस्तरलं. मी ठेवलेलं मीराला निस्तरावं लागू नये." मीरा म्हणजे त्यांची मुलगी. मिशिगनमध्ये, नोव्हायला असते.

त्या मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि इथल्याच, न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात तीस वर्षं जर्मन शिकवून निवृत्त झाल्या. मी मिरजेचा. पेट्रोल पंपावर उभं राहून, दुसऱ्याच्या छापखान्यात शाई पुसून हे दुकान उभं केलं. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनू कार्डं, मंडळाची स्मरणिका, असली कामं. माझ्याकडे भाव केल्याशिवाय कोणी जात नाही आणि मी हरत नाही. शरयूमावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मराठी पुस्तकाचा दर सांगितला. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हा झाला तुझा तोंडाचा भाव. आता मनातला सांग."

मी मनातला सांगितला. त्या म्हणाल्या, "आता लाज वाटेल तो."

मी इतका हसलो की टायपिंगचे पैसेच लावले नाहीत. तिथेच फसलो.

पुस्तकाचा विषय ऐकून मी कपाळाला हात लावला होता. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे जर्मन लेखक इंग्रजी साहित्यावर लुब्ध होते. इंग्रजी नाटकांतल्या, कवितांतल्या ओळी ते स्वतःच्या पुस्तकांत पेरायचे, पत्रांत लिहायचे, डायरीच्या पहिल्या पानावर उतरवायचे. अशा ओळी मावशींनी आयुष्यभर वेचल्या होत्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्या जर्मनीत कुठल्यातरी ग्रंथालयात. मीरा म्हणायची, "आमच्या फॅमिलीने डिस्नी कधी पाहिलंच नाही काका, आम्ही अर्काइव्हज पाहिले." मावशी म्हणायच्या, "इंग्रजी त्यांना शाळेत नाही रे मिळालं. प्रेमात मिळालं."

एका कार्डावर एक ओळ, लेखकाचं नाव, पुस्तक, पान. बाकी काही नाही. "एवढं काय आहे यात?" असं मी किती वेळा विचारलं असेल! उत्तर ठरलेलं: "आधी ओळी, मग बोलायचं. ते सगळं दुसऱ्या भागात." दुसरा भाग त्यांच्या डोक्यात होता. ओळी संपल्या की तो त्या बोलणार होत्या आणि मी टाइप करणार होतो. घाई होती, कारण डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. "म्हणजे तू दिसणार नाहीस, तुझे कान दिसतील," त्या म्हणाल्या. "तसं फार नुकसान नाही."

आता माझं सांगतो. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की या ओळींत चुका आहेत. जर्मन मला कळत नाही, पण इंग्रजी ओळ कॉम्प्युटरवर शोधता येते. शोधली, तर मूळ नाटकात वेगळी. कुठे शब्द गळालेला, कुठे भलताच घातलेला, कुठे दोन ओळींची एक केलेली. मला वाटलं, बाईंना दिसत नाही, लिहिताना चुकलं असेल. सुधारलं. पुढची सुधारली. मग प्रत्येक ओळ शोधून सुधारायला लागलो, त्यांना न सांगता. खरं लिहायचं तर मला मजा येत होती. या देशात माझं इंग्रजी ऐकून लोक अजून हळू बोलायला लागतात. आणि इथे एका प्रोफेसरबाईंचं इंग्रजी मी दुरुस्त करत होतो.

ओळी संपल्या त्या दिवशी मी पेढे आणले. मावशींना आता भिंगातूनही जेमतेम दिसत होतं, म्हणून टाइप केलेलं मीच वाचायला बसलो. पंधराएक पानं झाली असतील.

"थांब," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाच."

मी वाचलं.

"राजा? तिथे बाप आहे, दत्ता."

"नाही मावशी, मूळ नाटकात राजाच आहे. मी बघितलं."

"नाटकात आहे. त्या जर्मन लेखकानं बाप लिहिलं होतं." त्या म्हणाल्या. "आधीच्या हिवाळ्यात त्याचा बाप गेला होता. आठवणीतून लिहिताना राजाच्या जागी बाप आला. त्याला कळलंही नसेल. मी त्या ओळीसाठी जर्मनीला दोनदा गेले होते." मग हळूच विचारलं, "आणखी कुठे सुधारलंस?"

मी शहाणा! अजूनही मला वाटत होतं की शाबासकी मिळणार. "सगळीकडे. एकही सोडली नाही."

मावशींनी हातातला पेढा परत मिठाईच्या खोक्यात ठेवला. मग म्हणाल्या, "पाठ केलेलं लिहिताना माणूस जिथे चुकतो ना, तिथेच तो सापडतो. तेवढंच होतं रे पुस्तक."

मी चिडलो. चुकलो की मी चिडतो, हे माझ्या बायकोला विचारा. "मग हे वर्षभर का नाही सांगितलं? धंदा सोडून मी बसलो इथे! छापणाऱ्याला कशाला सांगायचं, असंच ना? आणि तुम्हीच फाडलीत की कार्डं!" आणखीही बोललो. ते लिहीत नाही. त्या उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या. मी सोडायला गेलो नाही. बाहेर त्यांनी राइडसाठी फोन कानाशी धरून पत्ता सांगितला, ते काचेतून बघत बसलो.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. "दत्ता, पानांचे आकडे तर बदलले नाहीस ना?"

"नाही."

"लेखकांची नावं?"

"नाही."

"मग ठीक आहे. कोणीतरी परत शोधू शकेल."

मी म्हणालो, "शोधा मग कोणीतरी."

त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

महिन्याभरात त्या गेल्या. झोपेतच. अंत्यविधीच्या हॉलमध्ये मीराने माझे दोन्ही हात धरले. "काका, आई तुमच्यावर मॅड नव्हती. ती म्हणाली, दत्ताला मी आधीच सांगायला हवं होतं. आणि म्हणाली, तुम्ही चिडता पण येता." मला तिच्याकडे बघता आलं नाही. मावशी चार शब्द रागाने बोलल्या असत्या तर मी भांडून मोकळा झालो असतो. तेवढंही त्यांनी दिलं नाही. ही माझी तक्रार तेव्हाही होती, आजही आहे.

आता दर शनिवारी दुकान बायकोवर सोपवून मी विद्यापीठाच्या लायब्ररीत जातो. ओळींसोबत टाइप केलेली नावं-पानं बघून ती पुस्तकं मागवतो, जी इथे नाहीत त्यांच्या पानांच्या प्रती जर्मनीहून मागवतो. जुनी जर्मन पुस्तकं काट्याकाट्यांच्या टाइपात छापलेली असतात, मला त्यातलं अक्षर लागत नाही. पण त्या काळच्या छापणाऱ्यांची एक रीत होती. परकी भाषा आली की ते साधा, सरळ टाइप लावत. त्यामुळे पान उघडलं की काट्यांच्या मधोमध इंग्रजी ओळ लगेच दिसते. ती मी जशी आहे तशी उतरवतो. एकेक अक्षर तीनदा तपासतो. हस्तलिखित पत्रांना वेळ लागतो.

निम्म्याहून जास्त ओळी परत आल्या आहेत. दुसरा भाग मात्र येणार नाही. मला एकाच चुकीचं कारण माहीत आहे, तेही मी तिची माती केली म्हणून.

गेल्या शनिवारी एका जर्मन कवीनं उतरवलेली ओळ मिळाली. मूळ इंग्रजी कवितेत घराकडे येणाऱ्या बाईचा उल्लेख आहे. यानं घर ठेवलंय, वाट ठेवलीय, बाई गाळलीय. मी तासभर त्या पानाकडे बघत बसलो. कोण होती? मेली? सोडून गेली? की आलीच नाही? मावशींना ठाऊक होतं. त्या नक्की तिथेही दोनदा गेल्या असणार.

"अहो, सांगायचं होतं ना एकदा!" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच बोललो असणार, कारण टेबलाशी बसलेली लायब्रेरियन उठून आली आणि तिने हळू आवाजात विचारलं, काही मदत हवी आहे का.

मी नाही म्हणालो. ओळ उतरवून घेतली, बाईशिवाय.