कोहळ्याच्या वेलापाशी एक तास

मुलांनो, ऐंशीनंतरच्या एका भाद्रपदात मी माझी भाची सुमन हिच्याबरोबर वर्ध्याहून आर्वीच्या एसटीत बसले. सुमन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुटीत फुलांवर येणाऱ्या मधमाश्या मोजायची. घड्याळ धरायला तिला शिस्तीचं माणूस हवं होतं.

आर्वीहून बैलगाडीने गावाकडे निघालो तेव्हा दिवस कलला होता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुललेली, पण किडा किरकिरत नव्हता, पाखरू उडत नव्हतं. गाडीच्या चाकांचाच आवाज मोठा वाटत होता.

यजमानीण गिरजाबाईंनी झुणका-भाकर वाढली. "कोहळं (लाल भोपळा) केलं असतं, पण यंदा लागतच नाई. फुलं येतात अन् गळतात. आमच्या सुनेचा हातच वाईट. वेलाले शिवू नको म्हणून सांगतलं मी तिले." सून कमल पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

सकाळी सहाला आम्ही कुंपणावरच्या वेलासमोर बसलो. फुलं टवटवीत, सताड उघडी. दर पाच मिनिटांनी मी वेळ सांगायची, सुमन वहीत आकडा मांडायची. शून्य. पुन्हा शून्य.

गिरजाबाई शेजारी येऊन बसल्या. "काय मोजून राह्यल्या?"

"मधमाश्या."

"एकबी तं दिसत नाई. जे नाई ते मोजाले वर्ध्याहून आल्या?"

पण त्या उठल्या नाहीत. सात वाजेपर्यंत आम्ही तिघी बघत होतो. एक फूल गळालं, त्याचाही आवाज ऐकू आला.

"माशीनं नरफुलाचे पराग मादीफुलाला लावले, तरच फळ धरतं," सुमन म्हणाली. "माश्याच नाहीत. यात सुनेच्या हाताचं काय?"

"मंग माश्या गेल्या कुठं?"

तेवढ्यात गिरजाबाईंचा मुलगा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बाहेर आला. औषधाचा उग्र वास आला. आई पंपाकडेच बघत राहिली.

"अशी काऊन पाहून राह्यली, माय? बोंडअळी पडली हाय. फवारा तं माराच लागते."

"जाय," एवढंच त्या म्हणाल्या.

सुमनने एक नरफूल तोडून ते मादीफुलाला कसं लावायचं ते दाखवलं. गिरजाबाईंनी दुसरं तोडलं, पाकळ्या काढल्या आणि हाक मारली, "कमल, इकडं ये व. हे धर. तूच लाव."

कमलने आधी सासूकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

दुपारी परत निघालो. एसटीच्या खिडकीतून गावोगावच्या कुंपणांवर कोहळ्याचे वेल दिसत होते, फुलं मिटलेली. त्या प्रत्येक कुंपणामागे एखादी सून असेल, आणि तिला वेलाला शिवायची बंदी असेल, हे वर्धा येईपर्यंत माझ्या मनातून गेलं नाही.